सुविधांचा रकाना

ता. ३ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहितोय. कान धरायला तू इथे नाहीस हे माझं नशीब. पण कारण ऐकलंस तर माफ करशील. आमच्या गणना कार्यालयात यंदा प्रत्येक गावाची माहितीपुस्तिका होतेय. घरं किती, माणसं कुठून आलेली, बोलतात काय, सोयी कोणत्या, सगळं. आणि आपल्या गावाचा गठ्ठा नेमका माझ्याच टेबलावर आला!

एकशे बारा घरांचे अर्ज, तेही चार भाषांतले. आपल्या मळेवाल्यांचे, पाथरवटांचे, विणकरांचे आणि नाववाल्यांचे. भाषांतरवाल्यांनी ते आपल्या भाषेत उतरवून दिले आणि मी बेरजा मारल्या. ताई, मी बाराव्या वर्षी शिकायला बाहेर पडलो तेव्हा गावात काय होतं? तुझी ती पत्र्याच्या छपराची खोली आणि नावेचा धक्का. आता माझ्याच अक्षरात लिहिलंय बघ: दवाखाना एक, बालवजन केंद्र एक, वाचनालय एक, प्रवासी प्रतीक्षालय एक. एकूण सुविधा चार! आजूबाजूच्या सात गावांत एवढं कुणाकडे नाही. वरून शेराही आला, ‘सुसज्ज गाव’. मी तर डबा खाताना सगळ्यांना सांगत सुटलो की हे माझं गाव.

एवढं सगळं झालं आणि तू अवाक्षर काढलं नाहीस! वाचनालयात पुस्तकं कुठली, प्रतीक्षालयाला पंखे बसवलेत का, सविस्तर कळव. गुडघ्याला तेल लावतेस ना? लोकांच्या गुडघ्यांना लावतेस ते यात धरू नकोस.

माया आहेच, तीत खंड पडू देऊ नकोस.

तुझा
धाकटा


ता. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला. ‘सुसज्ज’ या शब्दाखाली पट्टी लावून रेघ मारली आहेस, म्हणजे सवय काही गेली नाही. लहानपणी पाढा चुकला तरी तू पट्टी लावून खोडायचास. खोडाखोड सरळ असली की चूक दिसत नाही अशी तुझी समजूत.

अरे शहाण्या, गावात खोली एकच आहे. तीच. एकतीस वर्षांपूर्वी मी नोकरीवर रुजू झाले आणि चार वर्षांच्या तुला काखोटीला मारून जिथे आणलं, तीच. सकाळी मी तिथे मलमपट्टी करते, सुया टोचते, म्हणून आपले लोक तिला दवाखाना म्हणतात. आढ्याला तराजू टांगलाय, त्यात बाळं तोलते, आणि पाथरवटांच्या घरी बाळं फार, म्हणून त्यांच्या भाषेत ती वजनाची खोली. औषधांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे विणकरांच्या मास्तरांनी जुन्या मासिकांनी भरलेत. संध्याकाळी ते मोठ्याने वाचतात आणि विणकर ऐकतात, त्यांची ती वाचायची खोली. नदीकडच्या दाराशी बाक आहे. नाव येईस्तोवर लोक त्यावर बसतात, म्हणून नाववाले तिला थांबा म्हणतात. सगळ्यांनी खरं तेच लिहिलं आणि तुम्ही कचेरीत बसून एका खोलीच्या चार इमारती उठवल्यात. एक वीटही लागली नाही, कमाल आहे!

पंख्याचं म्हणशील तर आहे एक. पुठ्ठ्याचा. ज्याला उकडतं तो हलवतो.

हसण्यावारी नेऊ नकोस, दुरुस्त कर. तेल लावते. जेवण वेळेवर करत जा, आणि आठवण ठेवत जा एवढंच मागणं.

ताई


ता. १८ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण आज हुकूम आलाय. गाव सुसज्ज असल्यामुळे इथलं परिचारिकेचं पद एक जानेवारीपासून बंद. मला डोंगरापलीकडच्या गावी रुजू व्हायला सांगितलंय. तिथे काहीच नाही म्हणे. असेलही, त्यांनाही मिळो. पण इथलं काढून कशाला?

माझी तीन वर्षं राहिलीत, मी कुठेही काढीन. पण पाथरवटांच्या थोरल्या सुनेचे दिवस जानेवारीतच भरतायत. पहिल्या वेळी मूल पायाळू होतं, कशीबशी दोघं वाचली. दुसरा दवाखाना नावेने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. कळा काय नावेचं वेळापत्रक बघून येतात? ती पोरगी रोज येऊन बाकावर बसते आणि विचारते की जानेवारीत आहात ना. मी तिला हो म्हणून बसलेय. आता मला खोटं पाडू नकोस.

माझ्या धाकट्याची एक बेरीज आणि अख्खं गाव उघड्यावर. उलट टपाली उत्तर पाठव.

ताई


ता. २३ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तडक तपासणीच्या बाईंकडे गेलो. या आमच्या खात्याच्या वरिष्ठ, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांना म्हणालो की चार सुविधा म्हणजे एकच खोली असावी. त्यांनी विचारलं, कशावरून. मी सांगितलं की माझी सख्खी बहीण तिथे परिचारिका आहे. त्यांनी फाइल मिटली. म्हणाल्या की मग तर तुमचा शब्द मुळीच धरता येणार नाही, उद्या लोक म्हणतील बहिणीची जागा वाचवायला भावाने आकडा फिरवला. खरं सांगू? त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण त्या स्वतः येतायत, दोन डिसेंबरला. चारही सुविधा डोळ्यांनी बघणार. एकच खोली निघाली तर हुकूम मागे घेता येईल, पण एक अट आहे. रकान्यात एका सुविधेला एकच नाव बसतं, आणि ते सगळ्या गावाला मान्य हवं. नाही तर पुढच्या गणनेत पुन्हा चार इमारती उभ्या राहतील. तेव्हा हात जोडतो, आठ दिवसांत कुठलंही एक नाव पक्कं करून टाका. दवाखाना काय वाईट आहे?

माझ्यावर रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा
धाकटा


ता. ४ डिसेंबर

चि. पट्टीबहाद्दरास,
आशीर्वाद देते, पण आज हात थोडा आखडूनच.

दवाखाना काय वाईट आहे म्हणे! आठ दिवसांत चार बैठका झाल्या. पाथरवट म्हणाले, भिंती आम्ही रचल्या, नाव आमचं. नाववाले म्हणाले, छपराचे पत्रे आमच्या नावेतून आले. विणकर म्हणाले, आम्ही वाचून दाखवलं नसतं तर गणना म्हणजे काय हे तरी कळलं असतं का. आपलेही काही कमी नाहीत, जमीन आमची म्हणून हटून बसले. एरवी एकमेकांच्या बारशाला जेवणारी माणसं, पण नावावर आली की कोंबडे.

अशा स्थितीत परवा सकाळच्या नावेने तुमच्या बाई आल्या. आल्या आल्या मला म्हणाल्या की तुमचा यात संबंध आहे, तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी, आणि तोंड बंद! पायरीवर बसून कापसाचे बोळे वळत राहिले. वर्षभराचे झाले असतील.

त्यांनी पाथरवटांना वजन केंद्र दाखवायला सांगितलं. त्यांनी रस्त्याकडच्या दारातून आत आणलं. मग वाचनालय. मास्तरांनी त्यांना विणकर आळीतून वळसा घालून, नवे माग दाखवून, पुन्हा त्याच दारात आणून उभं केलं. नाववाल्यांनी धक्क्यावरून नदीकडच्या दाराने आणलं. चौथ्यांदा आपले लोक पुढे झाले तेव्हा बाईच म्हणाल्या की राहू द्या, रस्ता पाठ झाला. तर खोली एकच, एवढं मिटलं.

मग त्यांनी नाव विचारलं आणि पुन्हा तोच गलका. बाईंनी घड्याळ बघितलं. म्हणाल्या की नावेची वेळ होत आलीय, एकमत नसेल तर रकाना कोरा जाईल आणि रकाना भरल्याशिवाय हुकूम मागे घेता येत नाही. ती गरोदर पोरगी समोर बाकावर बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

आणि मध्येच पाथरवटांची आजी उठली. तिला आपली भाषा येत नाही आणि भांडणात रस नाही. तिचं लक्ष बाईंच्या पायाकडे होतं. नावेतून उतरताना ठेच लागून अंगठा रक्ताळलेला, आणि बाई तशाच सकाळपासून हिंडत होत्या. आजीने त्यांचं कोपर धरलं आणि खोलीकडे ओढत म्हणाली, ताई, ताई. बाईंनी विचारलं ही काय म्हणतेय. नाववाल्यांचा तांडेल म्हणाला, ताईत चला, म्हणजे या खोलीत चला म्हणतेय. मास्तर म्हणाले, बरोबर आहे, आमच्याकडेही खोलीला ताईच म्हणतात, वाचायची खोली आम्ही फक्त कागदावर लिहितो. आजी मात्र अंगठ्याकडे बोट दाखवून ताई ताई करत होती. तिच्या हिशेबी ताई म्हणजे दुखतंय.

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, हे तुम्हाला म्हणतात का. मी बोटाने माझ्या तोंडाकडे खूण केली. बोलायची मनाई होती ना!

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. पायरीवर बसून पाय माझ्या मांडीवर दिला आणि मी पट्टी बांधत असताना बरोबर आणलेला तुझा गठ्ठा सोडला. एक्केचाळीस घरांनी, चारही भाषांत, सुविधेच्या रकान्यात एकच शब्द लिहिलेला: ताई. आणि एक्केचाळीस वेळा तो लाल पेन्सिलीने खोडलेला. पट्टी लावून. अक्षर ओळखायची गरजच पडली नाही. राग आला नाही असं खोटं कशाला लिहू? आला. डोळेही भरले. दवाखाना, थांबा, सगळं तुला दिसलं, फक्त मीच सरळ रेघेखाली गेले.

हा शब्द त्यांना शिकवला कुणी, आहे आठवण? तूच. त्याच पायरीवर बसून दिवसभर ओरडायचास. भूक लागली की ताई, पडलास की ताई, नाव दिसली की ताई. चार भाषांची पोरं तुझ्याभोवती जमायची आणि त्यांना आपल्या भाषेतला तेवढाच शब्द यायचा. तीच पोरं आता घरं चालवतात आणि अर्ज भरतात.

बाईंनी विचारलं, हे नाव चालेल का. सगळे म्हणाले, ते काय विचारायचं. आता पुढचं तुमच्या कचेरीत. लोभ तसाच आहे, फक्त जरा दुखावलाय.

ताई


ता. १२ डिसेंबर

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न., आणि एक जास्तीचा.

हुकूम मागे घेतला. सही झाली, शिक्का बसला, माझ्या डोळ्यांदेखत. शिवाय एवढी सगळी कामं एकट्या माणसावर कशी, म्हणून बाईंनी एक मदतनीसही मंजूर केलाय. त्या पोरीला सांग की तू खोटी पडत नाहीस.

बाईंनी मला बोलावून एक्केचाळीस अर्ज पुढ्यात मांडले. विचारलं, का खोडलंत. मी नियम दाखवला की माणसाला सुविधा म्हणून धरू नये. त्या म्हणाल्या की नियम मला पाठ आहे, पण चार भाषांत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला, तुम्हाला काहीच वाटलं नाही? ताई, मग खरं ते सांगितलं. शब्द वाचून तूच डोळ्यांपुढे यायचीस, आणि मला वाटायचं लोक चुकून काहीतरी भलतंच लिहितायत. मला वाटत होतं ताई फक्त माझी आहे.

त्यांनी एक्केचाळीसही अर्ज पुन्हा हाताने लिहायला सांगितले, पट्टी न लावता. ओळी वाकड्या आल्या. चालल्या.

माहितीपुस्तिकेत आता आहे: सुविधा एकूण एक, नाव ताई. दुखावलेला लोभ बरा झाला की कळव.

तुझा
धाकटा


ता. १९ जानेवारी

चि. धाकट्यास,
भरघोस आशीर्वाद.

लोभ केव्हाच बरा झाला, मीच कळवायला आळस केला. पाथरवटांच्या सुनेला परवा दुपारी मुलगी झाली. या वेळी सरळ, डोक्याकडून आली, आणि अशी रडली की नाववाले धक्क्यावरून धावत आले. तराजूत पावणेतीन किलो भरली. आजीने नातसुनेच्या पोटावर हात ठेवून ताई का म्हणून विचारलं. तिने मान हलवली. आता नाही दुखत.

तुमच्या कचेरीने पाठवलेला मदतनीसही रुजू झाला. सहा फूट उंच, हातावर केस, मिशा अशा की आधी त्याच आत येतात. माणूस गुणी आहे, हात हलका आहे. पण काल माझ्याजवळ तक्रार घेऊन आला. म्हणाला, सकाळपासून सगळं गाव मलाही ताई म्हणतंय, काय करू? मी म्हटलं, काय करणार, ओ द्यायची.

आज देतोय.

तू कधी येतोस? पायरी तुझ्या मापाची राहिली नाही, पण सरकून बसू.

तुझीही,
ताई