मोराच्या मानेचा रंग

अण्णा, तुम्ही माझा मोर निळा करून टाकलात, ते मी विसरलेले नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोचा हारसुद्धा आता प्लास्टिकचा आहे. आज पूजा झाली, कुकर लावला, आणि शिट्टीची वाट बघत उभी असताना डोक्यात अशी तिडीक गेली की म्हटलं, लिहूनच टाकावं. हिशेबाच्या जुन्या वहीतल्या पानांची मागची बाजू कोरी पडली होती, ती वाया कशाला घालवायची. तिच्यावरच लिहितेय.

मोर कुठला, ते तुम्हाला आठवणार नाही. पडेगावच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या साली मोरावर बसलेल्या गणपतीची ऑर्डर होती. मी नववीत होते. तुम्ही जेवायला घरात गेलात आणि मी मोराची मान रंगवायला घेतली. दौलताबादच्या रस्त्याकडच्या रानात मोर यायचे, ते मी रोज शाळेत जाताना बघत होते. मोराची मान एका रंगाची नसतेच. त्यानं मान वळवली की हिरवी, पुन्हा वळवली की जांभळी. मी निळ्यावर कोरड्या ब्रशानं हिरवा फिरवला, कडेकडेनं जांभळा घेतला, वरून बोटानं जराशी सोनेरी पावडर चोळली. दारातून बघितलं तर मान हिरवी दिसायची, हौदाजवळ जाऊन बघितलं तर निळी. मी दोनदा तिकडून इकडं पळाले, एवढा आनंद झाला होता मला. तुम्ही आलात, तांब्या तोंडाला लावलात, आणि बघितलंत.

"कुणी केलं हे?"

"मी."

"मोर कसा असतो?"

"निळा, पण..."

"पण काय? गिऱ्हाईक निळा मोर मागतंय. देवाजवळचा रंग हलता कामा नये. बसून बघ, उभं राहून बघ, एकच दिसला पाहिजे."

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही मोठा चपटा ब्रश घेतलात, निळ्यात बुडवलात, आणि भिंतीला चुना मारावा तशी मान झाकून टाकलीत. वर ब्रश माझ्या हातात दिलात, धुवायला. मी तो धुतला, हे मला आज जास्त झोंबतं.

माझा हात वाईट आहे असं तुम्हाला वाटत असतं, तर मी आज एक अक्षर लिहिलं नसतं. पण तुम्हाला ठाऊक होतं. त्याच पावसाळ्यात तुमचा हात थरथरायला लागला. गणपतीत बसणाऱ्या लक्ष्म्यांचे मुखवटे रंगून तयार होते आणि डोळे राहिले होते. दादाला बसवून बघितलंत. त्यानं आखलेले डोळे असे आले, की जणू ती लक्ष्मी दारात वसुलीला आलीय. आई पदर तोंडाला लावून हसली होती. मग तुम्ही एक मुखवटा उचलून स्वयंपाकघरात आणलात, चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवलात आणि मला म्हणालात, "आख." करंगळी मुखवट्याच्या गालाला टेकवायची, श्वास धरायचा, आधी वरची पापणी, मग खालची, बुबुळ शेवटी. "आणि एकदा बुबुळ बसलं की पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. चुकलं तरी नाही. उचल हात." शिकवणं म्हणाल तर एवढंच. बाकीचं माझ्या हातात होतं. तिथून पुढं माझ्या लग्नापर्यंत आपल्या शेडमधून गेलेल्या एकूणएक देवाचे डोळे मी आखले, चुलीजवळ बसून. शेड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक साडीचा पडदा होता. पडद्याच्या त्या बाजूला मी कधी नव्हतेच.

पाचोडहून बाया यायच्या मुखवटे न्यायला. त्यातली एक म्हातारी, नाकात मोठी चमकी, मुखवटा दोन्ही हातांत धरून म्हणाली होती, "अगं बया, ह्या लक्ष्म्या तर बोलत्यात की! काका, डोळं लई जिवंत काढलं बघा." मी पडद्याआड होते, पीठ मळत होते, आणि माझं अंग फुलून आलं होतं. मला वाटलं, आता तुम्ही हाक माराल. तुम्ही म्हणालात, "हात आहे बाई, इतक्या वर्षांचा. देवाची कृपा." म्हातारी गेल्यावर तुम्ही आत आलात आणि मी काही न विचारताच म्हणालात, "पोरीनं डोळे केले कळलं, तर एक मुखवटा उठणार नाही. तुला खायचंय ना?" मी म्हणाले, "बरं."

आणि ते चार दिवस, अण्णा? ते मी आईलासुद्धा नीट बोलले नाही. आपल्या घरात कावळा शिवला की मी मागच्या न्हाणीजवळ पोत्यावर बसायची. पाण्याच्या माठाला हात लागला तर आई माठ रिकामा करायची. एका साली नेमकं सणाच्या तोंडावर तसं झालं. गिऱ्हाईकं दारात, मुखवट्यांना डोळे नाहीत. तुम्ही मागच्या दारानं मुखवटे आणून माझ्यासमोर ठेवलेत. मी मागं सरकले. "अण्णा, मी बाहेरची आहे." "व्हय, ठाऊक आहे. आख. कुणाला बोलू नको. देवाचं मी बघतो." तुम्ही देवाचं काय बघितलंत ते मला कधीच कळलं नाही. मी मात्र रोज बघत होते. लग्न झालं, सासरी लक्ष्म्या बसायच्या, मी नैवेद्य घेऊन समोर गेले की मान वर होत नव्हती. पहिलं पोट तिसऱ्या महिन्यात गेलं, तेव्हा डॉक्टर काहीबाही सांगत होत्या आणि मला एकच दिसत होतं: ते पोतं, ते मुखवटे, माझे विटाळलेले हात. कुणाला सांगणार? तुम्ही बघतो म्हणालात आणि विसरलात. भीती सगळी माझ्या वाट्याला आली आणि हात तुमचा झाला. देवीची माया, तिनं मला पुढं लेक दिली. तुमची माया मला आजवर सापडलेली नाही.

वर दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, तेव्हा खारीच्या केसांचा तो बारीक ब्रश तुम्ही कुंकू लावून दादाच्या हातात दिलात. सगळ्यांसमोर. दादा आज वाळूजला कंपनीत सुपरवायझर आहे. मागं भाऊबीजेला मी विचारलं, तो ब्रश कुठाय रे. म्हणाला, "कोणता गं?"

आता तुम्हाला वाटेल, ही म्हातारपणी हे सगळं का उकरतेय. कारण सोंगट्या. माझी लेक कॉम्प्युटरवर काम करते, घरूनच. रविवारी तिच्या दोस्तांचा एक खेळ असतो, टेबलावर डोंगर-दऱ्या मांडून फासे टाकून खेळतात. त्याच्या सोंगट्या म्हणजे बोटाच्या पेराएवढे शिपाई, राक्षस, पंखांचे अजगर. त्या करड्या, बिनरंगाच्या मिळतात, ज्यानं त्यानं आपल्या रंगवायच्या. लेक म्हणते, "सोंगट्या काय गं, मिनिएचर म्हण." मी सोंगट्याच म्हणते. तिच्या शिपायांचे डोळे दादाच्या लक्ष्म्यांसारखे यायचे. एकदा दुपारी ती झोपली आणि माझ्यानं राहवलं नाही. श्वास धरला, करंगळी टेकवली. ती उठून बघते तर शिपाई तिच्याकडं रोखून बघतोय. "आई! तू?" तेव्हापासून सगळी फौज माझ्याकडं आली. ओट्याची कामं आवरली की मी खिडकीशी बसते. तुमच्या जावयांना आधी वाटलं मी तांदूळ निवडतेय.

मागच्या महिन्यात लेकीनं एक बाटली आणली. अंगठ्याएवढी बाटली, आणि किंमत ऐकून मी म्हटलं, परत करून ये, एवढ्यात महिन्याची तूरडाळ येते. म्हणाली, "अगं, हा रंग बदलतो. इकडून हिरवा, तिकडून जांभळा." मी बाटली हातातून खाली ठेवली, पुन्हा घेतली. पंखांच्या अजगराला तो द्यायचा होता. मी तुमच्या शिस्तीनं गेले, आधी पांढरा हात, मग रंग. मूर्तीला आपण तसंच करायचो ना. रंग बसला आणि दिसला कसा, तर धुऊन धुऊन विटलेल्या पोलक्यासारखा. हिरवा नाही, जांभळा नाही, काहीच नाही. मला वाटलं, एवढ्या पैशाला फसवलं पोरीला. लेक हसायला लागली. "आई, हा काळ्यावर द्यायचा असतो. चकचकीत काळ्यावर." रंग बदलायला खाली काळं लागतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं खरवडलं. काळा दिला, आरशासारखा, खिडकी दिसावी त्यात असा. तो वाळू दिला आणि वरून हा रंग, पातळ, पाण्यासारखा, एक हात, वाळवून दुसरा, वाळवून तिसरा. मग अजगर खिडकीत ठेवला आणि फ्रिजपासून बघितला. मान हिरवी. ओट्याकडं सरकले, मान जांभळी झाली. देवघराच्या दारात उभी राहिले तर तांबूस, कबुतराच्या गळ्यासारखी. मी फ्रिज ते देवघर, देवघर ते फ्रिज अशी फिरत राहिले आणि तुमच्या नावानं तोंडात येईल ते बोलत राहिले. आमटी ऊतू गेली. जाऊ दे म्हटलं.

रविवारी दोस्त आमच्याकडं जमले. तीन पोरं, दोन पोरी. मी पोहे घेऊन गेले तर अजगर हातोहात फिरत होता, कुणी तो दिव्याखाली वळवतंय, कुणी मोबाईलमध्ये घेतंय. एक मुलगी म्हणाली, "काय हात आहे यार तुझा!" आणि माझी लेक, अण्णा, माझ्याकडं न बघता म्हणाली, "हं. वेळ लागतो." ताट माझ्या हातात होतं. मी पोहे वाढले. वर लिंबू हवं का विचारलं.

सगळे गेल्यावर तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, "सांगणारच होते गं. पण ते म्हणतील, आईकडून करून आणते, चौथीतल्या पोरीसारखं. चिडवतील मला." मी तोंड उघडलं आणि आतून आलं काय, तर "बरं". तेच, पडद्याआडचं. लेकीवर रागावता येईना. ती तुमच्यासारखी नाही, गोंधळलेली आहे नुसती. पण तिनं तुम्हाला बघितलेलंसुद्धा नाही, आणि तुमचं वाक्य तिच्या तोंडात आलं कुठून? ते माझ्या गप्प बसण्यातूनच गेलं असणार तिच्याकडं. आठवडाभर मी भांडी आपटत होते. हे म्हणाले, "काय झालंय?" मी म्हटलं, "अण्णांना विचारा." ते फोटोकडं बघून गुपचूप पेपर वाचायला लागले.

पुढच्या रविवारी ते सगळे पुन्हा आले. त्यांच्यातला एक खुलताबादचा मुलगा आहे, मोठ्या आवाजाचा, आल्याआल्या "काकू सलाम" म्हणणारा. त्यानं अजगर डोळ्यांजवळ नेला आणि लेकीला विचारलं, "आँखां कैसे करी रे इतनी बारीक? मेरेकू भी सिखा." लेक म्हणाली, "ते... म्हणजे ब्रश बारीक लागतो." मी चहाचं ताट घेऊन दारात होते.

"ते मी केले," मी म्हणाले.

आवाज एवढा मोठा निघाला की शेजारच्या खोलीतून ह्यांनी पेपर खाली केला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. तो मुलगा म्हणाला, "काकू, मजाक नको. सच्ची बोलो, आपनेच करे?" मी म्हटलं, "डोळे मी केले. रंगही मीच दिला. सगळे शिपाई माझेच आहेत." लेकीचे कान लाल झाले होते. मला वाटलं उठून आत जाईल. ती उठली नाही. खाली बघत म्हणाली, "हो, आईनं केलेत सगळे. मला नाही येत डोळे." मग नुसता कल्ला. "छुपी रुस्तम निकली काकू!" लेकीला चिडवायचं ते चिडवलंच त्यांनी, सोडतात का. पण तीही हसली शेवटी, आणि माझ्या हातातलं ताट तिनं घेतलं. अण्णा, आकाश कोसळलं नाही. कुणीही सोंगटी टाकून उठून गेलं नाही.

हे पान कुठं पाठवायचं नाही. पलीकडच्या बाजूला किराणा लिहिलेला आहे, तो तुम्ही वाचून काय करणार. पण एक राहिलं. त्या मुलीनं, मागच्या वेळी जिनं लेकीचा हात वाखाणला होता, तिनं मला विचारलं, "काकू, तुम्ही कुणाकडून शिकलात?" तुमचा फोटो तिच्या डोक्याच्या बरोब्बर वर होता. मी त्याच्याकडं बघतच म्हणाले, "कुणाकडूनच नाही. माझं मीच."

खोटं आहे, ते मला कळतं. संध्याकाळी दिवा लावताना देवीपाशी बोलले मी. त्या मुलांना मात्र जाऊन खरं सांगणार नाही. एकदा बुबुळ बसलं की पुन्हा ब्रश फिरवायचा नाही, चुकलं तरी नाही.