डाव्या पायाचा मोजा

३ नोव्हेंबर

चुकीच्या सुया! लोकरीच्या दुकानातल्या बाईने विचारलं होतं, "काय विणायचंय?" म्हटलं, मोजे. "आधी कधी विणलंय का?" म्हटलं, ढीगभर. थाप. तिने चष्म्याच्या वरून असं पाहिलं, की समोर दिसली ती जोडी उचलून मी बाहेर पडलो. पेन्सिलीएवढ्या जाड सुया आणि लोकर दोऱ्यासारखी बारीक. आठ ओळी विणल्या. त्यातून बोट आरपार जातं.

कामावर मधल्या सुट्टीत फोर्कलिफ्टवाल्याने ते हातात धरून सगळ्यांना दाखवलं. "हे काय रे, मासे धरणार?" खोली हसली. एवढा दांडगा, मिशाळ, म्हातारा बाप्या विडी सोडल्यापासून विणत बसतो, त्याला कोणी हसत नाही. मला हसतात. आणि शिकायचं त्याच्याचकडून!

४ नोव्हेंबर

हे कोल्ड स्टोरेज ज्याने बांधलं त्याला आत कोंडायला पाहिजे. चाळीस मिनिटं आत गोठलेल्या मटारचे खोके उचलायचे, वीस मिनिटं गरम खोलीत. मुकादमाची शिट्टी झाली की परत आत. पाय बधिर झाले की आईचे पाय आठवतात. तिचे पाय बारा महिने बर्फ. लहानपणी झोपेत लागले की मी किंचाळायचो.

माया वगैरे काही नाही हं. तिला बोलायला लावायचंय, बस्स. जानेवारीत निघालो तेव्हा दादा म्हणाला राहा, आई म्हणाली राहा, आणि मी दारात उभा राहून ओरडलो – इथे कोणी मेलं तरी मला कळवू नका! बॅग उचलली, निघालो. तेव्हापासून ती फोनवर आलेली नाही. दादा आधी सांगायचा, रागावलीय. आता सांगतो, झोपलीय. दहा महिने! अढी धरावी तर तिने. पण मीही तिच्याच पोटचा. बोलू नकोस. मी विणलेले मोजे पायात तरी घाल.

७ नोव्हेंबर

दुकानात परत गेलो. मान खाली घालून. बाई म्हणाली, "मला वाटलंच होतं." म्हणायची काय गरज होती? अडीच मिलिमीटरच्या पाच सुया दिल्या, दोन्हीकडून टोकदार. चार सुयांवर टाके वाटायचे, पाचवीने विणायचं. स्टीलच्या घेतल्या, चकचकीत दिसल्या म्हणून.

८ नोव्हेंबर

स्टीलवरून टाके सुटतात. गरम खोलीत अर्धी ओळ खाली सांडली. सुई टेबलाखाली गेली, मुकादमाचा पाय तिच्यावर. नको त्या शिव्या खाल्ल्या, दोन परत दिल्या.

११ नोव्हेंबर

आता बांबूच्या सुया. टाके धरून ठेवतात, मऊ आहेत. फोर्कलिफ्टवाला म्हणतो, "हे पहिल्याच दिवशी सांगणार होतो." मग सांगायचं ना! "तू ऐकणार होतास?"

नमुन्यावरूनही वाजलं. विणकामाच्या पुस्तकात पानाफुलांचे मोजे होते. मला तेच पाहिजे होते. सातवी नापास असलो तरी चित्र कळतं. तो म्हणाला, "पहिला मोजा. दोन टाके सुलटे, दोन उलटे. ताणला जातो, चूक झाकतो. पानंफुलं तुझ्या नातवाला कर." लग्न नाही माझं, आणि नातू!

वर घोट्याच्या घेरापासून सुरुवात, मग खाली टाच, मग पाऊल. माझा आपला एकच प्रश्न, डावा वेगळा कसा विणायचा? म्हातारा हसला. "मोज्याला डावा-उजवा नसतो रे."

"माझ्या आईच्या पायाला असतो."

हसू आवरून त्याने पुस्तक मिटलं. बरं वाटलं.

का ते त्याला नाही सांगितलं. इथे लिहितो. मी नऊ वर्षांचा होतो. लोखंडी पेटी माळ्यावर चढवत होतो, हातातून सुटली, आईच्या डाव्या पायावर. करंगळी मोडली ती शेजारच्या बोटावर चढूनच बसली, कायमची. डावी चप्पल तिला दरवेळी चावते. मला एकदाही बोलली नाही त्यावरून. बोलली असती तर बरं झालं असतं.

१५ नोव्हेंबर

दादाला फोन. आईचं माप पाहिजे म्हटलं, दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखा, शेजारी फूटपट्टी ठेवा, फोटो पाठवा. मोजे विणतोय तिच्यासाठी. तो म्हणाला, थांब, हिला देतो. मुखदुर्बळ! मग वहिनी आल्या. "कशाला भावजी एवढा त्रास? इथे कुठे एवढी थंडी असते!"

तुम्हाला नसेल.

"देते बरं पाठवून," म्हणाल्या. आवाज बसलेला. माझं एक काम सांगितलं की यांचा घसा बसतो.

१८ नोव्हेंबर

माप नाही आलं.

२० नोव्हेंबर

मुकादमाशी भांडून विणायला बसलो. म्हाताऱ्याने पट्टी लावली. दहा सेंटिमीटरमध्ये परवा तीस टाके होते, आज छत्तीस. "राग सुईवर काढतोस. टाके आवळतात. हा आईला चढणार नाही, बाहुलीला चढेल." सगळं उसवलं. टाके पुन्हा घातले. मुकादम समोर बसून चहा फुरकत होता तरी हात सैल ठेवला. एवढं अवघड काम जन्मात केलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर

टाचेपर्यंत आलो! टाच वळली तेव्हा म्हाताऱ्याने मोजा मुठीवर चढवून फिरवून पाहिला. पुढे मापाशिवाय जाता येत नाही. दोन फोन केले, उचलले नाहीत. नऊ दिवस! एक पाय आखायला नऊ दिवस लागतात?

२६ नोव्हेंबर

फोटो आला. दोन पाय, सुबक आखलेले, फूटपट्टी शेजारी. डावी करंगळी बाकीच्या बोटांच्या ओळीत, सरळ. मोठा करून पाहिला. उलटा धरून पाहिला. सरळच!

कळलं. म्हातारीला उठवायचा कंटाळा, म्हणून वहिनीबाईंनी आपलाच पाय आखून धाडला. एवढंसुद्धा होत नाही यांच्याकडून! उद्या सुट्टी आहे. उद्या सोडत नाही.

२७ नोव्हेंबर

सकाळीच लावला. "वहिनी, हा पाय कोणाचा?" त्या एकदम रडायलाच लागल्या. दादाने फोन घेतला. आई जूनमध्ये गेली.

"तूच सांगून गेला होतास ना," तो म्हणाला. "कोणी मेलं तरी कळवू नका."