पुणे रस्त्याच्या पलीकडे

ब्रेमेन, ३ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांस रश्मीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई माझं निम्मं बोलणं गाळून तुम्हाला सांगते, म्हणून हे पत्र. हॉस्पिटलातली ड्यूटी बरी चालली आहे.

इथली एक गंमत सांगते. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांजवळ माणूस नुसता उभा राहिला तरी गाडी थांबते. पहिल्याच आठवड्यात मी आपल्या सवयीनं हात दाखवत पळाले, तर गाडीतल्या बाईंनी काच खाली करून काही मदत हवी का विचारलं. मात्र सिग्नलच्या दिव्यातला माणूस तांबडा असेल, तर रिकामा रस्तासुद्धा ओलांडायचा नाही. मी निघाले तशी एका आजींनी चारचौघांत झापलं, की लहान मुलं बघताहेत.

मोटारसायकल घासून गेल्यापासून तुम्ही पुणे रस्ता ओलांडतच नाही, असं आई म्हणाली. तुमचे दोस्त कोंडीरामकाका रस्त्यापलीकडे एकटे, तुम्ही अलीकडे. असे घरात बसून राहिलात तर मला इथे चैन पडणार नाही. जानेवारीत येते आहे, हाताला धरून नेईन.

जिवाला जपा, माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची रश्मी

केडगाव, २४ नोव्हेंबर २०२४

चि. रश्मीस जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुला झापलं ते वाचून तुझी आई खूश झाली. आपल्याला जमलं न्हाई ते त्या म्हातारीनं केलं, म्हणाली.

तुमच्याकडे पट्टे हा कायदा, आपल्याकडे हॉर्न. मागून वाजला की सरकायचं, नाही वाजला की चालायचं. जन्मभर असाच चाललो. नागापूरच्या कारखान्यात प्रेस मशीननं कान नेले. कानात यंत्र घातलं तर सगळे हॉर्न डोक्यात एकदम वाजतात, कुठून ते कळत नाही. तो मोटारसायकलवाला हॉर्न देत होता म्हणे. लोक मलाच बोलले, की बहिऱ्यानं रस्त्यावर यावंच कशाला. ते फार लागलं गं.

कोंडीरामचे गुडघे गेलेत, तो येऊ शकत नाही. तू ये, पण रस्त्याचा विषय काढू नकोस.

खाण्यापिण्याची आबाळ करू नकोस. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझा आप्पा

ब्रेमेन, २ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस सविनय जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले. तुम्ही ओढलंत तिथे दंड अजून दुखतो. दुखला की बरं वाटतं.

तुम्ही नको नको म्हणत असताना मीच हट्टानं पुणे रस्त्यावर नेलं. पट्टे दिसले आणि गाड्या थांबणारच, असं इथल्यासारखं धरून मी पाय टाकला. तो टेम्पो उलट्या बाजूनं आला. तुम्ही मान वळवून आधीच पाहिला होता, म्हणून मी आहे. घरी येईपर्यंत तुम्ही माझा हात सोडला नाहीत. मला रडू आलं ते भीतीनं नव्हतं.

आप्पा, त्या टेम्पोनं हॉर्न दिलाच नव्हता. माझे कान शाबूत असून उपयोग झाला नाही. तुमचे डोळे कामी आले. मग कोणी कोणाला हाताला धरायचं? आग्रह करत नाही, पण मला आता तुमची काळजी कमी वाटते.

आईला जयभीम. तिच्याशी भांडा, पण बेतानं.

तुमची रश्मी

केडगाव, २ मार्च २०२५

चि. रश्मीस जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून निघालो, पहिल्या दिवशी पट्ट्यांपर्यंत जाऊन परत आलो. आईला सांगितलं, चप्पल चावते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिथे भाजीवाल्या केशरबाई आणि कंपनीची माणसं घोळका करून उभी होती. आपल्याकडे चार माणसं जमली की गाडीवाल्याला थांबावंच लागतं. मी केशरबाईंना सरळ सांगितलं, मला ऐकू येत नाही, मागून काही आलं तर हात लावा. कधी नव्हे ते हे बोलताना लाज वाटली नाही. त्या म्हणाल्या, तुमी समोरचं बघा, मागचं मी बघते. पण पोरी, मी दोन्हीकडचं बघितलं, उलट्या बाजूचं दोनदा.

कोंडीरामनं मला दारात बघून आधी ओट्यावर बसवलं. मग लई उशीर केला म्हणून वाट्टेल तसं बोलला. मला ऐकू आलं नाही, पण समजलं सगळं.

आज चौथ्यांदा आलोय. त्याच्याच ओट्यावर बसून हे लिहितो आहे. घोळका केव्हाच पांगला, आता परत जायला मी एकटाच आहे. पलीकडून तुझी आई हात करते आहे. ये म्हणते की थांब म्हणते, ते इथून कळत नाही. तुझा लोभ पाठीशी असू दे. मी माझं बघून निघतो.

तुझा आप्पा