दहापैकी चार

५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी अशी की घरात नवा चाकू आला. आता तू कपाळावर हात मारशील. तो मारून झाला की पुढे वाच.

झाडांना कलम बांधायचा चाकू आहे. आमच्या घरी झाड म्हणजे खिडकीतली एक कुंडी, तीही हिच्या मालकीची, आणि मला तिला हात लावायची मनाई आहे. पण चाकू फार देखणा आहे गं. पातं लहान, सरळ. मूठ अक्रोडाच्या लाकडाची. मिटताना असा खट्‌ आवाज करतो की मी सकाळपासून नुसता उघडतोय आणि मिटतोय. हिने शेवटी रेडिओचा आवाज वाढवला.

चाळीसच्या वर चाकू झाले. शिंपले उघडायचा आहे, चामडं तासायचा आहे, खलाशांचा दोर कापायचा आहे. मी जन्मात शिंपला उघडलेला नाही, चामड्याशी माझा संबंध चपलेपुरता, आणि होडीत बसलं की मला मळमळतं. माझ्या चाकूंनी आजवर सगळ्यात जास्त काय कापलं असेल तर चाकूंचीच पार्सलं. आणि एवढी हत्यारं असलेल्या घरात स्वयंपाकघरातली सुरी इतकी बोथट की टोमॅटो कापला जात नाही, चेंगरून मरतो. ही म्हणते, आधी त्या सुरीला धार लावा. मी म्हणतो, लावतो. असं आमचं गेली काही वर्षं चाललंय.

नेहमीप्रमाणे सोबत पट्टी आहे. वर्तमानपत्राची, नव्या चाकूने एका दमात कापलेली. तू शिंपीण, कापलेला काठ तुझ्याइतका कोणाला कळणार? तेव्हा दहापैकी गुण कळव.

माया आहे तशीच असू दे, चाकूंवर नाही तर निदान माझ्यावर.

तुझा
छोटू (वय वर्षं बासष्ट)


१४ जानेवारी

चि. छोटूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चार. दहापैकी चार. आणि त्यातला एक सख्खा भाऊ म्हणून दिलाय.

पट्टी दोन बोटं सरळ गेली आहे आणि मग काठ असा वेडावाकडा झालाय की माझ्या दुकानात कोणी असं कापलं असतं तर मी कात्री काढून घेऊन बटणं लावायला बसवलं असतं. आजवर तुला नऊच्या खाली कधी गुण दिले नाहीत. चाकू बिघडलाय की तू? नीट सांग.

आणि मला एकदा समजावून दे, हे चाकू जमवायचे कशासाठी? परवा एका गिऱ्हाईकबाईंनी विचारलं, तुमचे भाऊ रिटायर झाल्यावर काय करतात. मी सांगितलं, वाचन करतात. चाकू जमवतो म्हटलं असतं तर बाई माप न देताच गेल्या असत्या. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, दुखणी जमवतात. तुलाच हे कुठून सुचलं?

मी ठीक. हल्ली कापड कापायचं काम मास्तरांकडे दिलंय. आपण मालकीणबाई, टेप गळ्यात घालून हिंडायचं आणि सगळ्यांच्या चुका काढायच्या. माझं अक्षर आधीच कुत्र्याचे पाय मांजराला. त्यात शेजारी मशीन चालू आहे, टेबल हलतंय. सांभाळून वाच.

वहिनीला आशीर्वाद सांग. तिला म्हणावं, सुरी माझ्याकडे पाठव.

तुझी
ताई


२२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार गुण वाचून ही इतकी हसली की शेजारच्यांनी खिडकी उघडून बघितलं. खापर मी दगडावर फोडतो. धार लावायचा दगड नीट भिजला नव्हता. नवी पट्टी पाठवतोय. ही बघ आणि बोल.

कशासाठी, म्हणून विचारलंस. लोकांना मी सांगतो की कारागिरी, पोलाद, इतिहास. तिन्ही शब्द भारदस्त आहेत आणि तिन्हींतलं मला फारसं कळत नाही. खरं सांगू? मी उभा जन्म विमा कचेरीत दावे तपासले. कोणाचं बोट यंत्रात गेलं की मी त्याला पत्र लिहायचो, कृपया कोणत्या हाताचे कोणते बोट ते कळवावे. त्याचं उत्तर आलं की साहेब विचारायचे, हे बोट आधीपासून नव्हतं कशावरून? असा एकेक दावा या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा. माझ्या हातून एकही काम एका दमात पुरं झालं नाही. चाकूचं तसं नाही. कागदावर ठेवला, ओढला, झाले दोन तुकडे. कोणाची सही लागत नाही.

आणि दुसरं म्हणजे, चांगला चाकू घेतला की हात आपोआप शहाणा होतो. तो कुठे धरायचा हे मुठीलाच ठाऊक असतं. शिंपल्यांचा चाकू धरला की पाच मिनिटं मी कोळी असतो, कलमाचा धरला की माळी. मग ही हाक मारते आणि मी परत मी होतो. मारामारीचं म्हणशील तर रक्त दिसलं की मला खुर्ची लागते. माझ्या घरी चोर आला तर मी त्याला सगळे चाकू एकेक करून दाखवीन आणि तो कंटाळून जाईल.

प्रकृती उत्तम. काळजी नसावी, लोभ मात्र असावा.

तुझा
छोटू


३० जानेवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर देताना सांभाळा.

ताई, यांचा उजवा हात हलतो. आधी कप धरताना हलायचा, आता कुलूप उघडतानाही हलतो. चहा अर्धा कपच घेतात. म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलंय कमी प्या. कोणते डॉक्टर ते मला माहीत नाही. अंगठ्याला दोन चिकटपट्ट्या आहेत, आणि विचारलं की म्हणतात, पार्सल उघडताना लागलं. तुम्हाला पाठवलेली दुसरी पट्टी यांनी झेरॉक्सच्या दुकानातल्या कटरवर कापून घेतली. मी भाजीची पिशवी घेऊन शेजारीच उभी होते.

गेल्या आठवड्यात कपाट उघडलं तर सगळे चाकू जुन्या मोज्यांत गुंडाळून पेटीत ठेवलेले. जुन्या वस्तू घेणाऱ्या दुकानदाराला यांनी बोलावलंय, सगळं एकगठ्ठा देऊन टाकायला. म्हणे कंटाळा आला. कंटाळलेला माणूस एकेक चाकू तेल लावून, पुसून मोज्यात घालतो का? डॉक्टरांकडे चला म्हटलं की विषय बदलतात. जोवर गेलो नाही तोवर आपल्याला काही झालेलं नाही, असा यांचा हिशोब.

मी इतकी वर्षं त्या चाकूंना नावं ठेवली. आता दिवसभर घरात खट्‌ आवाज येत नाही तर मला करमत नाही. ते तुमचं ऐकतात. तुम्ही लिहा.

तुमची
वहिनी


६ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुसऱ्या पट्टीला शून्य. अरे, जन्मभर कापड कापलेल्या बाईला कटरचा काठ पाठवतोस? इतका सरळ काठ माणसाचा नसतोच. लबाडी करायची तर जरा अक्कल वापरून करावी.

डॉक्टरांकडे जा. हातांच्या, नसांच्या, जे कोणी असतील त्यांच्याकडे जा, आणि एकटा जाऊ नकोस, वहिनीला घेऊन जा. तिच्यावर डोळे वटारू नकोस, तिने मला काहीही कळवलेलं नाही. अर्धा कप चहाचंसुद्धा नाही.

थट्टा पुरे. मी थोरली आहे, सांगितलेलं ऐकायचं. जाऊन आलास की लगेच लिही.

तुझी
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो. हिने कॉलर धरून नेलं असं म्हटलं तरी चालेल.

डॉक्टर तरुण आहेत, शांत आहेत. त्यांनी मला कागदावर गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला लावली. मी काढली ती गोगलगाय भूकंपात सापडली होती. मग एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला सांगितलं. थोडं पेल्यात गेलं, बाकी त्यांच्या टेबलाला मिळालं. छंद काय म्हणून विचारलं, मी म्हटलं चाकू. त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.

म्हणाले, हात हलण्याचे दोन प्रकार असतात. एक हळूहळू वाढणारा, तापदायक पण जिवाला धोका नसलेला. तो बरेचदा घराण्यात चालत येतो. दुसरा हातावर थांबत नाही. पुढे चालणं, बोलणं, सगळंच धरतो. माझी लक्षणं जरा इकडची, जरा तिकडची. तपासण्या व्हायच्या आहेत. घरात आणखी कोणाचा हात हलायचा का, हे कळलं तर फार उपयोग होईल म्हणाले. मी सांगितलं, वडील मी शाळेत असताना गेले, मला त्यांच्या रागाखेरीज काही आठवत नाही. आणि बहीण सत्तरीला आली तरी नुसत्या नजरेने कॉलर कापते, तिचा हात म्हणजे गवंड्याचा ओळंबा. हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी ‘घराण्यात नाही’ असं लिहून खाली रेघ ओढली. तिथून निघाल्यापासून ती रेघच डोक्यात आहे.

ताई, मला भीती वाटते. पुढच्या रविवारी जुन्या वस्तू घेणारा एक दुकानदार येतोय, सगळे चाकू न्यायला. येऊ दे. ज्या हाताला कागद कापता येत नाही त्याने चाकू उघडून मिटून स्वतःचं हसं तरी किती करून घ्यायचं?

हे पत्र फाडून टाक. लोभ ठेव.

तुझा
छोटू


२१ फेब्रुवारी

चि. छोटूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळेल त्या पावली डॉक्टरांकडे जा आणि सांग की बहिणीचा हात हलतो.

तीन वर्षं झाली. मास्तरांना कापायला बसवलं ते मालकीणबाई झाले म्हणून नाही. एका साहेबांच्या कोटाचं कापड मी खांद्यापाशी असं कापलं की त्यात साहेबांच्या मुलाचा कोट बसला असता. नवं कापड आणून भरून दिलं आणि दोष चष्म्याला दिला. मागच्या पत्रात अक्षर हलतंय म्हणून मशीनवर ढकललं. त्या दिवशी वीज गेली होती, सगळी मशीनं बंद होती. तुला कटरवरून शून्य दिलं, पण लबाडीत मी तुझी थोरली बहीणच आहे. शिंपिणीचा हात हलतो म्हटल्यावर गिऱ्हाईक टिकेल का, ही एकच भीती. काल मास्तरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, बाई, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तुझी चार गुणांची पट्टी आली तेव्हा मी हसले नव्हते रे. तो काठ मी ओळखला. रोज माझ्याच टेबलावर पडायचा तसा.

आणि आता बाबांचं ऐक. त्यांचा कप बशीत वाजायला लागला की आपण पळायचो. आठवतं? तू टेबलाखाली, मी दाराआड. आईसुद्धा गप्प व्हायची. कप वाजला म्हणजे बाबा चिडले, हे आपण धरूनच चाललो. तुझं पत्र वाचलं आणि मी दुकानात सगळ्यांच्या देखत रडले. ते रागावलेले नसायचे रे. तो माणूस नुसता चहा प्यायचा.

सोबत तुझी चार गुणांची पट्टी परत पाठवते, आणि एक माझी. दुकानातल्या सगळ्यात चांगल्या कात्रीने, एका दमात कापली आहे. डॉक्टरांना दाखव आणि मग मला गुण कळव. आणि दुकानदाराला परत पाठव.

तुझी
ताई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पट्टीला चार. घराण्याचं नाव राखलंस.

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि पहिल्यांदाच हसले. तपासण्याही तेच सांगतात. पहिला प्रकार. जाणार नाही, पण मला घेऊनही जाणार नाही. गोळ्या दिल्या आहेत, थोडा फरक पडेल. तुलाही येऊन जायला सांगितलंय. घरचं गिऱ्हाईक म्हणाले.

दुकानदार रविवारी आला होता. मी पेटी उघडेपर्यंत हिने त्याला सांगितलं की विकायचे नाहीत, घरात लागतात. कशाला लागतात असं त्याने विचारलं, तर म्हणाली, आवाजाला. तो चहा पिऊन गेला. मोजे परत पायांत आले आहेत, दोन-तीनांना भोकं आहेत, ती माझ्या चाकूंनी पाडली असं ही म्हणते.

आणि स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लागली. हिने दगड दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला आणि मी सुरी फिरवली. तिचा संयम आणि माझी थरथर, दोन्ही वापरून काम झालं. टोमॅटो कापला गेला. काप जाडे-बारीक आहेत, पण काप आहेत.

चहा आता कप भरून घेतो. बशीत वाजतो. पहिल्या दिवशी ही रेडिओकडे गेली तेव्हा वाटलं, आवाज वाढवते की काय. तिने तो बंद केला आणि समोर येऊन बसली. मी खूप वेळ तो कप ऐकत बसलो, ताई. किती साधा आवाज आहे. त्याला घाबरून मी टेबलाखाली जायचो, आणि बाबा वर एकटेच चहा प्यायचे.

लवकर ये. तुझ्यासाठी कप काढून ठेवलाय, बशीसकट.

तुझा
छोटू