चौदा हजार फुटांसाठी ट्यून केलेली गाडी

२ जून
रजा मंजूर! बारा ते एकोणीस, सलग आठ दिवस. एकोणीस वर्षं ज्या खिंडीबद्दल बोलतोय ती चौदा हजार फुटांवरची खिंड या वेळी गाठायचीच. आपल्याच शंभर सीसीच्या गाडीवर, एकट्याने. हिला सांगितलं. ही हातातला कप खाली ठेवून पोटभर हसली. म्हणाली, तुम्ही दूध आणायला जातानाही रिक्षा बघता. तेव्हा पाय मुरगळला होता, हे सोयीस्कर विसरते. खरं सांगायचं तर खिंड मला एवढी महत्त्वाची नाही. हे हसणं एकदाचं बंद करायचंय.

४ जून
ऑफिसात जाहीर केलं. आमची रेकॉर्ड रूम तळघरात, खिडकी नावाला नाही. तिथे चौदा हजार फूट म्हटल्यावर एकेकाचे चेहरे बघण्यासारखे झाले. साहेब म्हणाले, आल्यावर सगळ्यांना अनुभव सांगा. संकल्प: उद्यापासून पहाटे व्यायाम.

५ जून
व्यायाम राहिला. कार्ब्युरेटरचा अभ्यास मात्र जोरात. मुद्दा सोपा आहे. वर हवा विरळ, पेट्रोल मात्र इथल्याइतकंच येतं, म्हणून इंजिन गुदमरतं. उपाय, लहान जेट. जेट म्हणजे शेंगदाण्याहून लहान पितळी तुकडा, त्याच्या भोकातून पेट्रोल येतं. माझ्या गाडीला ब्याण्णव नंबरचा आहे. हिशोबाने ब्याऐंशी पुरतो. मी पोस्टाने अठ्ठ्याहत्तर मागवला होता. उगाच काठावर कशाला राहा?

७ जून
गल्लीच्या तोंडाशी गॅरेजवाला मिस्त्री आहे. म्हणाला, छोटा जेट खिशात ठेवा, वर पोचल्यावर बदला, दहा मिनिटांचं काम. मी सांगितलं, वर थंडीने बोटं आखडतात, शहाणा माणूस घरूनच तयारी करून निघतो. तो पंक्चर काढायला लागला. दूरदृष्टी नाही, म्हणून तर गल्लीच्या तोंडाशी आहे. जेट घरीच बदलला. अडीच तास लागले. एक स्क्रू उरलाय. महत्त्वाचा नसावा.

८ जून
गाडी सुरू होते, खोकते, बंद पडते. स्पार्क प्लग पांढराफटक. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मग बरोबरच की! तेच तर करायचं होतं. गाडीत काडीचा दोष नाही. गावच फार खाली आहे.

१० जून
उंचीवरची चाचणी घेतली. बाजाराजवळ सात मजली पार्किंग आहे, त्याच्या रॅम्पने वर निघालो. तिसऱ्या मजल्यावर बंद पडली. वॉचमनने खालपर्यंत धरून आणून दिली. दुसऱ्या मजल्यावर मात्र आवाजात सुधारणा वाटली. म्हणजे दिशा बरोबर आहे.

११ जून
ही म्हणाली, गाडी नीट नसेल तर राहू द्या, मी नाही हसणार. हे बोलताना ओठ दाबलेले होते, मी बघितलं. आता तर माघार नाहीच. उद्या सकाळी ही बहिणीकडे जाईल, मी खिंडीकडे.

१२ जून, दुपारी दीड
नऊ वाजता निघालो. अख्खी गल्ली हात हलवायला बाहेर. रस्ता उताराचा असल्यामुळे छान निघालो. तीन किलोमीटरवर पुलाचा चढ लागला आणि गाडीने मान टाकली. चाळीस किका मारल्या. मग ढकलत, मागच्या बोळाने घरी. सगळे आपापल्या कामाला गेले होते, कोणी पाहिलं नाही. गाडी सध्या स्वयंपाकघरात आहे. तात्पुरती.

१२ जून, संध्याकाळी
हिचा फोन. कुठवर पोचलात? मी म्हटलं, दोन हजार फूट. तेवढ्यात शेजारच्या कुकरने शिट्टी दिली. ही म्हणाली, हे काय? मी म्हटलं, डोंगरातही माणसंच राहतात.

१३ जून
जुना जेट परत बसवायचा. मिस्त्रीचं ऐकून नव्हे, स्वतंत्र विचाराअंती. मग दुपारीच गुपचूप निघायचं, एका दिवसाचा काय तो उशीर. हात स्वच्छ असावेत म्हणून मोरीत बसून काम केलं.

थोड्या वेळाने
जुना जेट मोरीच्या जाळीतून खाली गेला. तारेने ढवळलं, काठीने ढवळलं. केसांचा गोळा तेवढा वर आला. दुसरा पोस्टाने यायला दहा दिवस. मिस्त्रीकडे नक्की असेल, पण मिस्त्रीच्या हिशोबाने मी आत्ता सहा हजार फुटांवर आहे.

१४ जून
पडदे बंद. पंखा बंद, कारण त्याचा आवाज बाहेर जातो. कोरडा पाव, बिस्किटं. फ्लश फक्त वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्लशबरोबर ओढायचा. काकूंचं वेळापत्रक अगदीच बेभरवशाचं आहे.

१५ जून
हिला सांगितलं की पुढे चार दिवस रेंज नसेल. तिचा आवाज जरा काळजीचा वाटला. बरं वाटलं, मग लगेच वाईट वाटलं. खरं सांगून टाकावं का? सांगितलं तर पुढची एकोणीस वर्षं हसेल. नको.

१७ जून
स्वयंपाकघरातून पलंगापर्यंत अकरा पावलं, परत अकरा. गाडीवर हेल्मेट घालून बसलो, अर्धा तास. पेट्रोलच्या वासाने डोकं चढलंय. स्वतःच्याच घरात चोरासारखा राहतोय आणि बाहेर यायला तोंड नाही. हे कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही. संकल्प: काही नाही.

१९ जून, दुपारी
आज ‘परत’ यायचं होतं. गाडीला कुंडीतली माती फासली, मागच्या बोळाने बाहेर काढली, पुलापर्यंत ढकलली. सुरू होईना म्हणून वैतागून चोक ओढला, आणि गाडी गुपचूप चालायला लागली! चोक ओढला की पेट्रोल वाढतं. त्या दिवशी ओढला असता तर डोंगराच्या पायथ्याशी तरी लागलो असतो. आठ दिवस तो खटका डाव्या गुडघ्याजवळच होता. घरापर्यंत रडलो नाही, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्रीने गॅरेजमधून उठून हात मिळवला. म्हणाला, साहेब, मी चुकलो, जेट घरूनच बदलायला हवा. आता येणाऱ्या गिऱ्हाइकांना तसंच सांगणार आहे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर लोक जमले.

२० जून
ही रात्रीच परत आली. सकाळपासून माझ्याकडे बघतेय आणि हसत मात्र नाहीये. शेवटी चहा घेता घेता म्हणाली, एकोणीस वर्षं मी तुम्हाला हसले, फार चुकलं माझं. बहिणीकडे सगळ्यांना सांगितलं, माझा नवरा एकटा खिंडीत गेलाय. सांगताना मलाच भरून येत होतं, असं म्हणाली आणि खरंच डोळे पुसले. मग पिशवीतून नवे हातमोजे काढले, दोन जोड. पुढच्या वर्षी मीही मागे बसून येणार, माझ्या ऑफिसात रजेचं बोलून ठेवलंय म्हणाली. मी म्हटलं, वर फार त्रास होतो. ती जवळ सरकून बसली आणि विचारलं, वर नेमकं कसं वाटतं हो?

मी म्हटलं, श्वास कोंडतो. आठ दिवसांत तिला सांगितलेलं एवढंच खरं होतं, आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.