इन्स्पेक्टर सामंत असा का झाला

भाईंदर (पूर्व)
१६ नोव्हेंबर २०२५

चि. निशिगंधा,

अनेक आशीर्वाद. जावईबापू आणि तुझी चिमुरडी मजेत असतील. इकडे मामीचा गुडघा सोडला तर सगळं ठीक. केबिन रोड पुन्हा खणून ठेवलाय, त्यामुळे भाजी आणायला गेलेला माणूस उड्या मारायला शिकून घरी येतो. मी पोलिसातून रिटायर झालो तरी घरी बसलेलो नाही. काशीमिऱ्याच्या पुढे एका शेडमध्ये त्या पोलिसी मालिकेचं शूटिंग चालतं, तिथे सल्लागार म्हणून जातो. म्हणजे नटाला बेडी घालायला शिकवतो आणि तो शिकेपर्यंत चहा पितो.

तुझा मेसेज मिळाला. तू विचारलंस, मामा, तुमच्या मालिकेतला तो इन्स्पेक्टर सामंत एवढा कडवट का, त्याला जगात एकही माणूस चांगला कसा दिसत नाही. आणि त्याच दमात लिहिलंस की पुढच्या महिन्यात बाबा तुरुंगातून सुटतायत, त्यांना मीरा रोडला तुझ्याकडे आणणार आहेस, रागाच्या भरात माणूस एकदा चुकतो. मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि पुसलं. शेवटी कागद घेतला.

सामंतची वाक्यं लोकांना फार आवडतात. ‘मारणारा थांबत नाही, दमतो.’ ‘हात जोडले म्हणजे माणूस सुधारला असं नाही, तेवढा वेळ त्याचे हात मोकळे नसतात.’ ही वाक्यं माझी. मालिका लिहिणाऱ्या रुचिताला मी ती गप्पांत सांगितली. तिने विचारलं, हा असा कशामुळे झाला? मी म्हणालो, त्याच्या बहिणीला नवऱ्याने मारलं. तिला ते पसंत पडलं. फक्त तिने लिहिलं की बहिणीचा फोन येताच सामंत जीप घेऊन निघतो आणि ट्रॅफिकमध्ये अडकतो. तो भाग शुक्रवारी लागेल. नट रडलाय छान.

मी ट्रॅफिकमध्ये अडकलो नव्हतो, निशी. मी माझ्या खुर्चीत बसलो होतो.

त्या दिवशी तू कॉलेजला गेलीस आणि अकराच्या सुमारास तुझी आई, माझी आशा, पोलीस ठाण्यात आली. कान फाटला होता, त्यावर पदर दाबून धरलेला. डावा हात कोपरापासून काळानिळा. मानेवर तव्याचा चटका, आणि त्याच्याखाली जुन्या चटक्याचा डाग. मार पहिल्यांदा खाल्ला नव्हता तिने, मला सांगायला पहिल्यांदा आली होती. मी ठाण्याचा रायटर, लोकांचे जबाब लिहिणं हेच माझं काम. तिचा एक शब्द मी कागदावर घेतला नाही. पोलिसाच्या बहिणीचं नाव डायरीत चढलं तर चार लोक हसतील, ही माझी अक्कल. आमच्याकडे अशा वेळी ‘समज’ देतात. नवऱ्याला बोलवायचं, दम भरायचा, माफी मागायला लावायची आणि जोडप्याला घरी पाठवायचं.

मी राघोला, तुझ्या बापाला, बोलावलं. मागच्या खोलीत नेलं आणि पट्ट्याने तळपायांवर बारा फटके मारले. प्रत्येक फटका त्यालाच मोठ्याने मोजायला लावला, चुकला की पुन्हा एकपासून. जुन्या हवालदारांनी शिकवलेली पद्धत. खोटं कशाला बोलू, मारताना मला बरं वाटत होतं. कातडी फाटून फरशीवर रक्त आलं तरी मी आकडा पुरा केला. मग त्याने हात जोडले.

बाहेर बाकावर तुझी आई बसली होती. म्हणाली, “दादा, मना आज घरी न्हाय जायाचं. त्याचे डोले बग.”

मी हसलो. म्हटलं, आता तुला बोट लावायची त्याची हिंमत नाही. मीच रिक्षा थांबवली, दोघांना शेजारी बसवलं आणि मुर्ध्याच्या घराचा पत्ता सांगितला.

पाच वाजता फोन आला. स्वयंपाकघरात भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत रक्त होतं. तुझ्या आईला मी बांगड्यांवरून ओळखलं, चेहरा राहिलाच नव्हता. वरवंटा मोरीत धुऊन जागेवर ठेवलेला होता. शेजारच्या विमलाबाईने मला अंगणात बाजूला घेतलं आणि म्हणाली, “काशीनाथ, त्यो मोजत व्हता. एक, दोन, तीन करून. बारावर थांबला.”

डॉक्टरांच्या अहवालातही वार बाराच निघाले. मी विमलाबाईला सांगितलं, हे कुठे बोलायचं नाही. हा आकडा आला कुठून, असं कोणी विचारलं असतं तर माझा पट्टा निघाला असता. बिचारी काही न बोलता दोन वर्षांनी गेली.

कोर्टात वकील म्हणाला, आधीची एकही तक्रार नाही, रागाच्या भरात घडलं. खुनाचा सदोष मनुष्यवध झाला आणि जन्मठेपेऐवजी दहा वर्षं. राघोनेही माझ्या माराचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर तो खून रागातला नाही, सूडाचा ठरला असता. आम्ही दोघांनी न ठरवता एकच गोष्ट लपवली.

रागात माणूस मोजत नाही, निशी.

तो येईल तेव्हा हात जोडेल. त्याला दारात घेऊ नकोस, तुझ्या घरात चार वर्षांची पोर आहे. मी तेव्हा बोललो असतो तर तो आज सुटत नव्हता. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणशील, तर सामंतला जगाबद्दल काही कळलेलं नाही. त्याला स्वतःचा तिरस्कार वाटतो, आणि तो कबूल करावा लागू नये म्हणून तो जगाला शिव्या देतो.

हजारो लोकांच्या जबाबाखाली मी एक ओळ लिहीत आलो. आज ती स्वतःसाठी लिहितो. तिच्याखाली ऐकून घेणाऱ्याची सही असते, ती जागा कोरी ठेवलीय. सही करायलाच हवी असं नाही.

वरील जबाब मी वाचून पाहिला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.

काशीनाथ

समक्ष :