पटावरचं वय

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

बालक! इन्स्पेक्टर साहेबांनी कागद वाचून दाखवला — ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. बिचाऱ्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

बारा तारखेला माझा लेक गणराज पहिली पाळी करून चाकणहून घरी येत होता. दुपारचे साडेचार. पुनावळ्याच्या अंडरपासजवळ एका गाडीवर तिघं होते. त्यांनी कट मारला, हा ओरडला — “नीट चालवा की रे!” एवढंच. ते पुढच्या चौकात वाट बघत थांबले होते. कोयता काढला तो तिघांतला सगळ्यात लहान. बाकीचे दोघे अठराच्या वरचे, ते तुरुंगात गेले. वार करणारा मात्र बालक! तो येरवड्याला निरीक्षणगृहात आहे आणि तिथे त्याला समुपदेशन करणार आहेत.

आज तेरावा होता. लोक जेवून गेले. मी शाळेतली एक कोरी वही काढून बसले आहे. घरात रडले की सून स्वरूपाही रडते, म्हणून इथेच काय ते बोलायचं.

त्याचं नाव छापायचं नाही असा कायदा आहे. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही सांगून झालं. त्या नावाची सहा-सात पोरं तरी मी शिकवली असतील. इथे मी ते लिहिणार नाही — कायद्यासाठी नव्हे. माझ्या वहीत त्याला जागा द्यायची नाही म्हणून.

२६ फेब्रुवारी

स्वरूपा आजपासून कामावर गेली. हिंजवडीची कॅब खाली हॉर्न देत होती आणि ही सवयीने दोन डबे भरत होती. दुसरा डबा दुपारी मी खाल्ला.

२ मार्च, रविवार

मोर्चा. धाकटे दीर दत्तोबा भाऊजी सकाळीच आले. “वैनी, आख्खं गाव बंद ठिवलंय. तुमी फकस्त पुढं चाला, बाकी आमी हाय.”

चौकात फ्लेक्स लागलेला. चौदा पुढारी, सगळे हात जोडून, आणि माझा गणराज खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा! मी तिथेच थांबले. म्हटलं, एक तर पोराचा फोटो मोठा करा, नाहीतर हे उतरवा. भाऊजी कानाशी आले — “अवो, त्यांनीच छापलाय न्हवं.” मी म्हटलं, मग श्रद्धांजलीही त्यांनाच वाहू या. उतरवला! दोन पोरं वर चढली आणि उतरवला.

मग एका चॅनेलवाल्याने माइक तोंडासमोर धरला. “आई, सरकारला काय सांगाल?” काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. आपोआप आलं — “पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. मूल कोणाला म्हणतात हे मला कोणी शिकवू नका. सोळा वर्षांचा पोरगा कोयता खांद्याच्या वर नेतो, तेव्हा तो कुठे येऊन पडणार हे त्याला चांगलं कळतं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मागून कोणीतरी ओरडलं, “बाहेरच्या लोकांना हाकला!” त्यालाही सुनावलं. म्हटलं, माझ्या वर्गात निम्मी बाहेरचीच असायची, तुमच्या घरांच्या भिंती त्यांच्याच आईबापांनी बांधल्यात. मी इथे वयाचं बोलायला आले आहे, गावाचं नाही.

३ मार्च

सगळ्यांच्या मोबाईलवर मीच आहे. देहूच्या मामेबहिणीचा फोन आला, “सुमन, काय बोललीस गं!” खाली कोणीतरी लिहिलंय, चौकात फाशी द्या, आणि त्यावर हजारो अंगठे. मला चौक नको. कोर्ट पाहिजे. मोठ्यांचं.

११ मार्च, मंगळवार

येरवडा. बाल न्याय मंडळ. आमच्या वकील तनुजा मॅडम म्हणाल्या, फिर्यादी तुम्ही आहात, थांबा बाहेर, बोलावतील. बाकावर बसले.

समोरून एक बाई आली. वाळलेली, उन्हाने रापलेली, पायात पुरुषी चपला. सरळ माझ्या पाया पडली.

“बाई! वळखलं का? मी रंभा. खाणीवरची. तुमच्याच साळंत व्हतं की माझं लेकरू.”

नव्हतं ओळखलं. पण शिक्षिकेला हे सांगायची चोरी असते. हसून मान हलवली. महिन्यात पहिल्यांदा हसले असेन.

“तुमी बी हितं? तुमचं कोन हाय वो आत?”

मी काही म्हणायच्या आत शिपायाने नाव पुकारलं. त्या पोराचं. आणि रंभा उठली.

मीही उठले. तिने माझ्याकडे बघितलं, मग भाऊजींच्या हातातल्या गणराजच्या फोटोकडे, मग परत माझ्याकडे. तोंडाला पदर लावून ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तेवढ्यात त्याला आणलं. माझ्यापेक्षा वीतभर उंच, मिसरूड फुटलेलं, अंगाने थोराड. हा म्हणे बालक!

तर हा माझा विद्यार्थी. बरं! त्याला पहिला ‘ग’ मी गिरवायला दिला असेल. म्हणून काय माया यावी? उलट राग दुप्पट झाला. माझ्या हाताखालून गेला आणि माझंच घर बुडवलं.

२० मार्च, गुरुवार

तनुजा मॅडम घरी आल्या. त्यांनी मला आणि स्वरूपाला समजावून सांगितलं. सगळं सोळावर आहे. त्या दिवशी पोरगा सोळाच्या वर असेल आणि मंडळाने ठरवलं, तर मोठ्यांसारखा खटला चालतो. सोळाच्या आत असेल तर फार तर तीन वर्षं सुधारगृह. मग मोकळा.

“त्याचा वकील म्हणतो, सोळाचा नाहीच. पण दाखवायला त्याच्याकडे काही नाही. जन्म खाणीवरच्या पालात, जन्मदाखला काढलेलाच नाही. अशा वेळी शाळेची नोंद धरतात, आणि नोंद आपल्या बाजूने आहे!” त्यांनी जनरल रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली. जन्मतारीख १ जून २००८. म्हणजे सोळा वर्षं आठ महिने.

स्वरूपाने माझा हात घट्ट धरला. महिनाभरात तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

मी झेरॉक्सकडे बघत होते. सही तेव्हाच्या मुख्याध्यापकांची. अक्षर माझं.

२१ मार्च

सगळं आठवलं. आठवायला नको होतं.

एक जून! आमच्याकडे ज्याला जन्मतारीख नाही त्याला एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, मूल सहा वर्षांचं पूर्ण पाहिजे, म्हणून गुरुजींनी एक जून ठोकून द्यायचा. मलाही कोणीतरी तसाच ठोकला होता, म्हणून मी एकतीस मेला निवृत्त झाले. त्या दिवशी आमच्या तालुक्यात निरोप समारंभांना हॉल मिळेना, एवढे आम्ही एक जूनवाले.

पण या पोराचं नुसतं एक जून नव्हतं. दोन हजार चौदाचा जून. खाणीजवळच्या आमच्या वस्तीशाळेचा पट अठरावर आलेला. वीसच्या आत पट असला की शाळा बंद, असं वरून कानावर येत होतं. बंद झाली असती तर त्या चिल्ल्यापिल्ल्यांना हायवे ओलांडून पलीकडच्या शाळेत जावं लागलं असतं, कंटेनरच्या रांगांमधून. मी पालापालांत फिरले. रंभा भाकऱ्या थापत होती.

“लई बारकं हाय वो बाई. चार झालीत, दिवाळीला पाच व्हतील.”

मी म्हटलं, असू दे, बसेल इतरांबरोबर. आणि लिहिलं — १ जून २००८. जवळजवळ दीड वर्ष वाढवलं. आणखी एक असाच मिळाला, वीस झाले. शाळा वाचली, अजून सुरू आहे. मला त्याची लाज नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा लिहीन.

सहाच्या पोरांत हा साडेचारचा. दुपारी सतरंजीवर झोपून जायचा. पोरं त्याची पाटी पळवायची, तेव्हा मारायला अंगात जोर नसायचा, चावायचा. खाणीचं काम हललं तसे ते दिवाळीनंतर निघून गेले. मी पटावर त्याला पुढे दोन महिने हजर दाखवलं.

म्हणजे बारा फेब्रुवारीला तो पंधराचा होता. पंधरा आणि तीन महिने.

२२ मार्च

मग? पंधरा काय नि सोळा काय, कोयता तोच. गणराजच्या मानेवर वार पडला तेव्हा त्याने वय विचारलं होतं का?

हे कोणाला माहीत आहे? मला. रंभाला. आणि रंभाचं कोण ऐकतंय! मी गप्प बसणार. मला कोणी विचारलेलं नाही, मी कोणाला सांगणार नाही. त्यांच्याच कायद्याने नोंद खरी धरायची असं ठरवलंय, मी नाही ठरवलं. आयुष्यभर शाळेसाठी, साहेबांसाठी, वरच्या तपासणीसाठी खोटं लिहिलं. त्यातलं एक खोटं माझ्या कामाला आलं तर कोणाचं काय गेलं?

लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

३० मार्च

पाडवा. गुढी नाही. स्वरूपाने तरी दारापुढे रांगोळीचे चार ठिपके काढले आणि पायानेच पुसले. मग आत येऊन म्हणाली, “आई, तो तीन वर्षांत सुटून आला आणि अंडरपासला मला दिसला तर? मी रोज तिथूनच जाते.”

“नाही सुटणार,” मी म्हटलं. “मी आहे ना.”

५ एप्रिल

त्या शाळेतले आताचे मुख्याध्यापक ज्योतीराम सर, त्यांचा फोन. “बाई, नऊ तारखेला रजिस्टर घेऊन मंडळासमोर बोलावलंय. अक्षर तुमचं दिसतंय. काही अडचण नाही ना?”

“कसली अडचण? नोंद म्हणजे नोंद,” मी म्हटलं. चांगली ठणकावून! फोन ठेवला तर गॅसवरचं दूध सगळं उतू गेलेलं.

पाच मिनिटांनी त्यांचा परत फोन. पट आता एकतीस आहे म्हणाले, तुम्हाला ऐकून बरं वाटेल. बरा माणूस आहे. मी त्याच्यावर उगाच खेकसले.

८ एप्रिल

उद्या अकरा वाजता. दत्तोबा भाऊजींनी दोन गाड्या सांगितल्यात, चॅनेलवाले येणार आहेत. “वैनी, उद्या निकाल आपल्याच बाजूनं. कागद हाय म्हनल्यावर भ्यायचं काय कारन न्हाई.” मला आणि स्वरूपाला आत बसायची परवानगी मिळाली आहे. जायचं, बसायचं, यायचं. तोंड उघडायचं नाही. सुमन, ऐकतेस ना? तोंड उघडायचं नाही!

९ एप्रिल, बुधवार

मंडळाच्या न्यायाधीश मॅडमनी रंभाला विचारलं, तुमच्या मुलाचं खरं वय काय? तिच्या वकिलाने मान हलवून खूण केली, सांग, बोल. ती माझ्याकडे बघत होती.

“बाईंनी लिवलंय तेच,” ती म्हणाली. “त्यांचं लेकरू गेलंय. त्या म्हनतील तेच खरं.”

मी उठले. मला कोणी विचारलं नव्हतं.

“मॅडम, ते वय खोटं आहे. मी वाढवून लिहिलंय.”

स्वरूपाने मागून माझा पदर ओढला. मी बसले नाही.